फिले लेससाठी जुन्या धाग्यांच्या जागी आज काय घ्यावे?

प्रश्न असा आहे: जुन्या फिले लेसच्या, म्हणजे गाठींच्या जाळीवर नक्षी भरून केलेल्या लेसच्या, नमुन्यांत ‘फिल आ दांतेल’, ‘सहा पदरी कोर्दोने’, ‘लेसचे लिनन’ अशी धाग्यांची नावे आणि पुढे ३०, ५०, ७० असे क्रमांक असतात. त्यांतले बरेच धागे आता मिळत नाहीत. तोच क्रमांक पाहून दुसरा धागा आणला, तर एकदा जाळी नको तितकी जाड झाली आणि एकदा चौकटीवर ताणताच गाठी सरकल्या. मग आज नेमके काय घ्यावे?

आधी सरळ उत्तर देते. जाळी विणायला घट्ट पिळाचा, गोल, कमी ताणणारा धागा घ्या. ओल्या कताईचे लिनन मिळाले तर उत्तम, नाहीतर सहा पदरी क्रोशाचा किंवा टॅटिंगचा (छोट्या धोट्याने गाठी मारत करायच्या लेसचा) सुती धागा. नक्षी भरायला मऊ पिळाचा दोन पदरी धागा घ्या. पर्ले कॉटन बहुतेक कामांना पुरते. आणि क्रमांक जुळवत बसू नका, जाडी जुळवा. या तिन्हीमागची कारणे कळली की दुकानात समोर येईल तो धागा तुमचा तुम्हालाच पारखता येईल, म्हणून ती जरा विस्ताराने सांगते.

फिले म्हणजे मुळात गाठींची जाळी. एका हातात धागा गुंडाळलेली जाळीची सुई, दुसऱ्या हातात घराचे, म्हणजे जाळीतल्या एका चौकोनाचे, माप राखणारी काठी, आणि प्रत्येक घराच्या कोपऱ्यावर एक गाठ. मासे धरायची जाळी ज्या गाठीने विणतात तीच ही गाठ, फक्त कितीतरी बारीक. चौकोनी तुकडा एका कोपऱ्यापासून तिरका वाढत जातो. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या घरात दोनदा गाठ मारून एक घर वाढवायचे, आणि हवी तेवढी रुंदी झाली की दोन घरे एकत्र धरून कमी करत जायचे. काठीवरून उतरलेली जाळी अगदी लोळागोळा दिसते. तिला आकार येतो तो चौकटीवर ताणल्यावर. धाग्याची खरी परीक्षा तिथेच होते. हजारो गाठी एकदम ओढल्या जातात, आणि त्यातली एखादी जरी केसभर सरकली तरी तिच्या भोवतीची चारही घरे वाकडी होतात. मग वर कितीही सुंदर नक्षी भरा, डोळा त्या वाकड्या घरावरच जातो.

लिनन या कामाला का मानवते ते इथे कळते. लिननचा तंतू ताठ असतो, तुटेपर्यंत जेमतेम दोन-तीन टक्के ताणतो. कापूस साधारण सहा ते आठ टक्के ताणतो. लिननमध्ये मारलेली गाठ स्वतःलाच चावून बसते. शिवाय लिनन ओले झाले की अधिक मजबूत होते. फिलेचा तुकडा धुऊन, खळ देऊन, ओला असतानाच ताणून वाळवतात, त्यामुळे हा गुण फार मोलाचा आहे. सुती धागाही ओला झाल्यावर कमजोर होत नाही, म्हणून पर्याय म्हणून पहिला मान त्याचा. व्हिस्कोसचे, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या कृत्रिम धाग्याचे, नेमके उलटे: ओले झाल्यावर त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. ‘बांबूचा धागा’ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा व्हिस्कोसच असते. दिसायला रेशमासारखे, हाताला गार, पण जाळीसाठी ते घेऊ नका.

आजच्या लिननबद्दल मात्र सावध राहावे लागते. लांब तंतूचे चांगले जवस आजही मुख्यतः उत्तर फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या किनारपट्टीत पिकते. पण लेसच्या कामाचे तलम लिनन कातणाऱ्या गिरण्या पूर्वीच्या मानाने थोड्याच उरल्या आहेत. बाजारात जे ‘लिनन’ म्हणून दिसते त्यात विणकामाचे, आखूड तंतूंचे, गाठाळ सूत पुष्कळ असते. ते कपड्याला छान दिसते, पण जाळीत त्याचा जाड भाग नेमका गाठीत सापडतो आणि बारीक भाग ताणावर तुटतो. म्हणून लेबलावर ओल्या कताईचे, लांब तंतूचे असा उल्लेख आहे का ते पाहा. ओल्या कताईत तंतू गरम पाण्यातून जातात, त्यातला डिंकासारखा अंश सैल होतो आणि सूत गुळगुळीत व तलम निघते. लेबलावर काही लिहिलेले नसेल तर हातभर धागा उजेडासमोर धरून बोटांच्या चिमटीतून हळू ओढा. डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना गाठाळपणा लागतो. वीतभर अंतरात दोन-तीन ठिकाणी बोट अडखळले तर ते लिनन भरतकामाला ठेवा. बॉबिन लेस (दांड्यांवर गुंडाळलेले धागे एकमेकांत गुंफून करायची लेस) करणाऱ्यांसाठी जे लिनन येते, म्हणजे स्वीडनचे बोकेन्स किंवा बेल्जियमचे फ्रेझिया, ते फिलेलाही चालते. फक्त बारीक क्रमांकांत अधूनमधून एखादी कमजोर जागा निघू शकते. ती जाळीच्या सुईवर धागा गुंडाळतानाच शोधा आणि कापून टाका. जाळी अर्धी झाल्यावर तुटलेला धागा जोडणे हे फार कष्टाचे काम आहे.

आता क्रमांकांकडे वळू. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

लिननवर ६०/२ लिहिलेले असते, सुती धाग्यावरही ६०/२ लिहिलेले असते, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पुढचा २ म्हणजे दोन पदर, इथवर ठीक. पण लिननचा ६० म्हणजे एका पौंडात ३०० यार्डांच्या किती लांब्या बसतात ते, आणि कापसाचा ६० म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती बसतात ते. म्हणजे त्याच आकड्याचे लिनन सुती धाग्याच्या २.८ पट वजनाचे भरते. लिनन ६०/२ च्या जागी सुती ६०/२ घेतले तर जाळी कोळ्याच्या जाळ्यासारखी होणार, आणि उलट केले तर नको तेवढी जाड. क्रोशाच्या धाग्याचे १०, २०, ४०, ८० हे आकडे तर या दोन्ही मोजणींत बसत नाहीत. पर्लेचे ५, ८, १२ त्याहून वेगळे. जुन्या नमुन्यांतले ३० आणि ५० हे तर बहुधा त्या त्या कंपनीचे विक्रीचे क्रमांक आहेत. १७४६ साली मुलूझमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) सुरू झालेल्या डीएमसी या धाग्यांच्या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तकलेच्या सूचना आपल्याच धाग्यांच्या नावांनी छापल्या आणि ती नावे पुढे सगळीकडे पसरली. धागा बंद झाला की तो क्रमांक निरर्थक होतो.

यातून बाहेर पडायची वाट सोपी आहे. जवळजवळ प्रत्येक लेबलावर वजन आणि लांबी दोन्ही असतात. ग्रॅमला मीटरने भागा आणि १००० ने गुणा. येणारा आकडा म्हणजे टेक्स, हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. पर्ले १२ ची १० ग्रॅमची गुंडी साधारण १२० मीटर असते, म्हणजे ८३ टेक्स. पर्ले ८ ची तेवढ्याच वजनाची गुंडी ८० मीटर, म्हणजे १२५ टेक्स. लिझबेथ या टॅटिंगच्या सुती धाग्याची ४० क्रमांकाची २५ ग्रॅमची गुंडी सुमारे २७४ मीटर, म्हणजे ९१. लिनन ४०/२ चा हिशेब ८३ टेक्सच येतो. पाहा, लेबलांवर १२, ४० आणि ४०/२ असे तीन आकडे, आणि धागे जवळपास एकाच वजनाचे! तसेच डीएमसीचा स्पेशल दांतेल ८०, पाच ग्रॅमला ९७ मीटर, म्हणजे ५२ टेक्स. तो लिनन ६०/२ च्या ५५ टेक्सच्या शेजारी बसतो. लिननच्या क्रमांकावरून टेक्स काढायचे तर १६५४ ला क्रमांकाने भागून पदरांच्या संख्येने गुणा. सुती सुतासाठी १६५४ च्या जागी ५९० घ्या.

टेक्सने वजन जुळते, पण दिसणारी जाडी पिळावरही ठरते. घट्ट पिळाचा धागा त्याच वजनात बारीक दिसतो, सैल पिळाचा फुगतो. म्हणून शेवटचा निर्णय पट्टीवर करा. साध्या मोजपट्टीवर दोन सेंटीमीटर जागेत धागा गुंडाळा. वेढे एकमेकांना फक्त टेकले पाहिजेत, चढता कामा नयेत आणि बोटाने दाबून एकत्र लोटायचेही नाहीत. वेढे मोजून निम्मे करा. ही मोजणी प्रत्येकाच्या हाताने थोडी वेगळी येते, पण जुना आणि नवा दोन्ही धागे तुमच्याच हाताने गुंडाळले तर तुलना पक्की होते. जुन्या लेसचा एखादा तुकडा जवळ असेल आणि धागा काढता येत नसेल, तर भिंगाखाली त्याच्या शेजारी नवा धागा आडवा ठेवून पाहा.

नमुन्यात फक्त बंद पडलेल्या धाग्याचे नाव असेल आणि जुना तुकडा हाती नसेल, तर उलट्या बाजूने या. तयार तुकड्याचे माप आणि आलेखातली घरे पाहा. १०० घरांचा चौकोन ४० सेंटीमीटरचा होत असेल तर घराची बाजू ४ मिलिमीटर. माझा अनुभव असा की जाळीच्या धाग्याची जाडी बाजूच्या दहाव्या ते बाराव्या भागाइतकी असली की जाळी स्पष्ट दिसते आणि नक्षीवर कुरघोडीही करत नाही. म्हणजे इथे सेंटीमीटरला साधारण २५ ते ३० वेढे बसणारा धागा हवा. काठी कोणती घ्यायची हेही याच हिशेबात येते. चपट्या पट्टीवर घराची बाजू पट्टीच्या रुंदीइतकी येते. गोल काठीवर किंवा विणकामाच्या सुईवर ती परिघाच्या निम्मी, म्हणजे व्यासाच्या सुमारे दीडपट. अडीच मिलिमीटरच्या सुईवर जवळजवळ ४ मिलिमीटरचे घर मिळते.

सहा पदरी सुती धाग्याची शिफारस मी का करते, ते एकदा धागा उलगडून पाहिलेत की पटेल. टोकाशी पीळ सोडवा. आधी तीन जाडसर पदर सुटतात, आणि त्यातला प्रत्येक पदर पुन्हा दोन बारीक सुतांचा निघतो. दोनदा, उलटसुलट दिशांनी पीळ दिल्यामुळे धागा गोल, भरीव आणि शांत राहतो. गाठीत दबून चपटा होत नाही. त्याच्या शेजारी पर्ले उलगडा: फक्त दोन जाड पदर, सैल पीळ, मण्यांच्या माळेसारखी वळणे. पर्लेने जाळी विणता येते, पण गाठ मऊ बसते आणि घरांच्या कडा अस्पष्ट दिसतात. नक्षी भरायला मात्र तोच मऊपणा हवा असतो. कापडी टाक्यात प्रत्येक घरातून दोन धागे आडवे आणि दोन उभे, एकाआड एक खालून-वरून जातात. ते थोडे पसरून घर झाकतील तरच भरलेला भाग पांढराशुभ्र आणि रिकामा भाग मोकळा असा फरक उठून दिसतो. कडक धाग्याने तेच केले तर चार तारा वेगवेगळ्या दिसत राहतात. रफू टाक्यात, जिथे पाने-पाकळ्या भरतात, तिथे तर मी आणखी मऊ धागा घेते. भरतकामाचा कोतों आ ब्रोदे फार छान बसतो. सहा तारांच्या सुट्या भरतकामाच्या धाग्यातली एखादी तार इथे चालते, पण ती लवकर पिंजते, म्हणून हातभरच घ्यावी. जाळीच्या गाठींवरून पुन्हा पुन्हा घासून जाणे तिला सोसत नाही.

एकच धागा दोन्हीकडे वापरायचा असेल तर जाळीचे गुण सांभाळा आणि नक्षीत थोडी तडजोड करा. उलट करू नका. घरांच्या कोपऱ्यांतून फिरणाऱ्या फासाच्या टाक्याला तर जाळीचाच, किंवा त्याहून बारीक धागा शोभतो.

चकाकीचाही विचार करा. सुती धाग्याला मर्सराइज करून झळाळी देण्याची रीत रुळली ती १८९० नंतर, होरेस लो यांनी धागा ताणून धरून प्रक्रिया करायला सुरुवात केल्यावर. त्याआधीच्या नमुन्यांतली सुती लेस झळाळीशिवायची आहे. आज क्रोशाचे जवळजवळ सगळे धागे मर्सराइज्ड असतात. ते वाईट नाहीत, पण गुळगुळीत असल्याने त्यांत गाठ थोडी जास्त जोराने आवळावी लागते, आणि भरलेल्या भागावर उजेड चमकल्याने बारीक नक्षी पुसट वाटते. जुना, निवांत पांढरेपणा हवा असेल तर बॉबिन लेससाठी येणारे मर्सराइज न केलेले, पण लव जाळून गुळगुळीत केलेले इजिप्शियन कॉटन शोधा. मला स्वतःला जाळी झळाळीशिवायची आणि भरण हलक्या झळाळीचे, ही जोडी फार आवडते.

रेशीम जुन्या काळीही वापरत, आजही वापरा, पण घट्ट पिळाचे आणि गाठ दोनदा तपासून. पॉलिस्टर आणि नायलॉन मी सुचवत नाही. ते ताणले की मागे खेचतात, गाठ सैल पडते, आणि खळ त्यांना धरत नाही. हाताने क्विल्टिंग करायचा लेप दिलेला सुती धागा विणताना फार सुखाचा वाटतो, ताठ आणि सरळ. पण तो लेप धुण्यात जाऊ शकतो आणि मग खालचा खरा धागा दिसतो. घ्यायचा तर आधी हातभर धागा कोमट पाण्यात चोळून वाळवा आणि मगच ठरवा. मेणाचेही तसेच. मेण लावल्याने सरकता धागा तात्पुरता धरतो, पण जाळीत मेण राहिले की धूळ बसते. ज्या धाग्याला मेणाशिवाय गाठ धरवत नाही, तो फिलेचा धागा नव्हे.

कोणताही नवा धागा घेतला की आधी दहा बाय दहा घरांचा तुकडा विणा. तो छोट्या चौकटीवर, खऱ्या कामात ताणाल तितकाच ताणा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी भिंगातून गाठी पाहा. चांगली गाठ लहान, गोल, चारही बाजूंना सारखी दिसते. सरकलेल्या गाठीजवळ एक बाजू लांब आणि समोरची आखूड झालेली असते, आणि गाठ सुटून तिचा नुसता फास दिसतो. मग तुकड्याचा एक चतुर्थांश भाग भरणाच्या धाग्याने भरा, चौकटीवरून काढा, गरम पाण्यात धुवा आणि न ताणता वाळवा. जाळी आणि भरण सारखे आटले तर तुकडा सपाट राहतो. भरलेला भाग फुगून वर आला तर जाळी जास्त आटली, आणि जाळी लोंबू लागली तर भरण. अशी जोडी सोडून द्यावी किंवा दोन्ही धागे विणण्याआधीच लडी करून धुऊन घ्यावेत.

पिळाबाबत एक बारीक गोष्ट. धागा रिळाच्या टोकावरून ओढून सुईवर भरला तर प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ कमी किंवा जास्त होतो. काही मीटरांनंतर धागा आढ्या घालू लागतो किंवा पदर सुटतात, आणि दोष धाग्याला दिला जातो. रीळ फिरते ठेवून बाजूने धागा सोडा. भरण करतानाही सुई अधूनमधून सोडून लोंबू द्या, म्हणजे पीळ आपोआप जागेवर येतो.

जुन्या लेसची दुरुस्ती करायची असेल तर निवड थोडी बदलते. नवा धागा जुन्यापेक्षा किंचित बारीक आणि मऊ घ्या. मजबूत धागा ताण आल्यावर स्वतः तुटत नाही, शेजारचा थकलेला जुना धागा कापतो. आजच्या शुभ्र धाग्यांत बहुधा चमक आणणारी द्रव्ये असतात. अतिनील प्रकाशाच्या छोट्या टॉर्चखाली असा धागा निळसर उजळतो आणि जुन्या लेसशेजारी दिवसाच्या उजेडातही परका दिसतो. न रंगवलेला, अर्धवट शुभ्र केलेला धागा घ्या. चहात बुडवून जुनाट रंग आणायचा मोह टाळा, त्यातले टॅनिन आम्लधर्मी असते आणि पुढे तंतूंना खाते.

आणि धागा किती घ्यायचा ते. जाळीत प्रत्येक घराच्या वाट्याला दोन बाजू येतात आणि गाठीला साधारण आणखी एका बाजूइतका धागा जातो. १०० बाय १०० घरांच्या, ४ मिलिमीटरच्या जाळीला म्हणून १२० मीटरच्या आसपास लागतो. कापडी टाक्यात एक घर भरायला चार बाजू आणि थोडा वाकण्याचा वाढावा धरून १८ मिलिमीटर धरा. निम्मी घरे भरायची तर ९० मीटर. याशिवाय नमुन्याचे तुकडे, जोडण्यांची टोके आणि कडेचा टाका आहेच. म्हणून जाळीच्या धाग्याच्या दोन गुंड्या एकाच लॉटच्या घ्या. पांढऱ्यातही लॉट बदलला की छटा बदलते, आणि ती चौकटीवर जाळी ताणेपर्यंत लक्षात येत नाही.